म्हणे, शेवटी लेकरू वाचते!

बायांनो, आज दुपारी नणदेनं मले फसवलं. जग बुडून राहिलं, असा पिक्चर मोबाइलवर लावून देल्ला. म्हणे, "वहिनी, भेऊ नका, शेवटी लेकरू वाचते."

त्या भरोशावर पायला. त्यातली माय लेकराले घरात कोंडून प्यायच्या पाण्याले जाते. परत येऊन कडीले हात लावते, अन् पिक्चर खतम! लेकराचं काय झालं, दाखवलंच नाही.

नणद हासते. "खरं सांगतलं असतं तं तुमी पायला असता का?"

तेवढ्यात आठ दिवसांनी नळ आला. आजवर मी पोरीले निजवून, बाहेरून कडी लावूनच नळावर जात होती. आज हिंमतच झाली नाही. पोरगी कडेवर, अन् पाण्याच्या दोनच गुंड्या भरल्या.

तुमी बी कडी लावूनच जाता ना व?