धोंडिबा काकांचा पांढरा ठिपका

बजाजनगरचे धोंडिबा काका आमच्या कंपनीत बेअरिंगच्या कड्या तपासतात. एकवीस वर्षं हेच काम. दिव्याखाली कडी तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. डाग कडीबरोबर फिरला तर तो कडीचा. जागीच राहिला तर उजेडाचा, नाहीतर आपल्या डोळ्याचा. मी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा हे मला त्यांनीच शिकवलं.

काकांना चंद्रावरच्या सावल्यांचा नाद आहे. पाइपात आरसा बसवून त्यांनी दुर्बीण केलीय. अष्टमीच्या सुमारास कधीकधी उजेड-अंधाराच्या सीमेवर, विवरांच्या काठांना ऊन लागून, उजेडाची फुली उमटते. तीन-चार तासांत मोडते.

एका रविवारी दिवेलागणीला त्यांनी मला गच्चीवर बोलावलं, पण फुलीसाठी नव्हे. दोन महिने त्यांना चंद्राच्या काळ्या भागात, सीमेपासून लांब, एक पांढरा ठिपका दिसत होता. सोमवारी कंपनीत डोळे तपासणार होते. ठिपका डोळ्यातला निघाला तर आपणच सांगून टेबल सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आपल्या हातून खराब कडी पुढं गेली, तर कुणाची तरी गाडी रस्त्यात बसेल, असं ते म्हणाले.

"आता चंद्रालाबी रिजेक्ट करतेत वाटतं," कडूबाई काकू म्हणाल्या. काका हसले नाहीत.

चंद्र काही हातात धरून फिरवता येत नाही. म्हणून काकांनी बाकीचं फिरवलं. आधी डोळा लावायचं भिंग, म्हणजे आयपीस, मग नळी, शेवटी स्वतःची मान. यातल्या कशाबरोबरच ठिपका फिरला नाही, म्हणजे तो चंद्रावरचाच. तरी त्यांचा विश्वास बसेना.

"पोरी, तू बघ. माझ्यासाठी खोटं नको बोलू."

मी डोळा लावला. फुली होती. लांब काळोखात ठिपकाही होता.

"आहे, काका."

"म्हंजी ठिपका माझ्या डोळ्याचा नाय," एवढंच काका म्हणाले आणि जेवायला खाली गेले. कित्येक दिवसांनी त्यांनी भाकरी मागून घेतली, असं काकू नंतर सांगत होत्या.

मी बघतच राहिले. चंद्रावर ऊन चढत होतं तशी फुली उजळत होती, आणि ठिपका मंद होत होता. त्या जागी ऊन पोचायला अजून दोन दिवस होते. ठिपका विझला. मी श्वास सोडला, तेवढ्यात तो परत पेटला. सीमेच्या थोडा जवळ.

मीही मान फिरवून पाहिली. तो त्या नव्या जागीच होता.

सोमवारी काकांनी डोळे तपासणीच्या फॉर्मवर 'तक्रार नाही' लिहिलं आणि टेबलावर बसले. ठिपका विझून सरकला, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा स्वतःच्या डोळ्यावरच संशय घेतला असता.