गाडीला बांधलेला फेटा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोनपेठला सलूनच्या खुर्चीत बसलो होतो आणि माझी अर्धीच दाढी झाली होती. फोन ठेवला, गळ्यातला कपडा न्हाव्याच्या हातात दिला आणि तसाच स्टँडवर जाऊन मिळेल त्या एसटीत बसलो. वालूरला पोचेपर्यंत ध्यानातच आलं नाही की माझा डावा गाल गुळगुळीत आहे आणि उजव्यावर पांढरं रान उभं आहे. अंगणातली माणसं माझ्याकडं बघायची आणि पटकन मान खाली घालायची. मला वाटलं, माझं दुःख त्यांना बघवत नाही. अक्का, माझी थोरली बहीण, गळ्यात पडून रडली. मग जरा मागं सरकून तिनं माझं तोंड निरखलं. "ते असते तर म्हणले असते, पाव्हणं, उजव्या अंगाला फट ऱ्हायली," ती म्हणाली, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं...

फटीचं हे प्रकरण जुनं आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद जिल्हाभर धुमसत होता त्या वर्षांतलं. दाजींची वालूरला बेताची शेती होती आणि शेतीपेक्षा गाडीचं वेड जास्त होतं. लिलावातून त्यांनी एक जुनी पिकअप आणली होती. पुढं जीपसारखं तोंड, मागं उघडा हौदा. तिचा मूळ रंग कोणता, यावर गावात कधीच एकमत झालं नाही. पण बंद पुकारला, एसटी थांबली, की लोक दाजींच्या दारात येत. कुणाला दवाखाना असायचा, कुणाला परीक्षा. एका भिंतीवर 'नामांतर झालंच पाहिजे' आणि समोरच्या भिंतीवर त्याच्या उलट लिहिलेलं; दाजी दोन्ही भिंतींची माणसं एकाच हौद्यात उभी करायचे. "धरून उभं ऱ्हायलाच दोनी हात लागत्यात," ते म्हणायचे, "भांडायला तिसरा आनतील कुठून?" कुणी हाक मारली की जेवणावरून उठायचे. ती गाडी गेली असती तर दाजींकडं शेत उरलं असतं, पण हाक उरली नसती. हे अक्कालाही कळत होतं. फक्त तिला त्या गाडीच्या बॉनेटची भीती वाटायची.

भीती खोटी नव्हती. बॉनेटच्या बिजागऱ्या मागं, काचेच्या बुडाशी, आणि खटके पुढं. बिजागऱ्या झिजून बॉनेट तिरकं झालं होतं, त्यामुळं उजवा खटका नीट धरायचा नाही. एकदा चालत्या गाडीत वारा आत शिरला आणि अख्खं बॉनेट उठून काचेवर आदळलं. दाजींनी खिडकीतून मुंडी काढून गाडी थांबवली, पण शेजारी बसलेल्या अक्कानं त्या दिवशी निकाल दिला. "दसऱ्याला माहेरी, सोनपेठला, ह्याच गाडीत जायचं. वाटंत बॉनेट उघडलं तर गाडी इकायची. कबूल?"

"कबूल," दाजी म्हणाले, आणि त्यांनी मला बोलावणं धाडलं.

मलाच का? कारण मी आयटीआयला फिटरच्या वर्गात काही महिने काढून घरी परतलो होतो. मला परत का पाठवलं हे मी सासुरवाडीतसुद्धा नीट सांगितलेलं नाही. पण दाजींच्या लेखी मी फिटर होतो, आणि कुणी आपल्याला काही समजत असेल तर त्याचा गैरसमज दूर करण्याचा माझा स्वभाव नाही. मी गाडीभोवती फेरी मारली, बिजागऱ्यांवर टिचक्या मारल्या, डोळे बारीक केले. बिजागरीचे बोल्ट ढिले करायचे, बॉनेट हवं तिथं सरकवायचं आणि पुन्हा आवळायचे, एवढंच काम. दाजी बॉनेट तोलून धरायचे, मी पाना फिरवायचो. डावीकडं बसलं की उजवीकडं उठायचं, उजवं दाबलं की डावं. दिवस कलता कलता एकदाचं असं बसलं की फटीत नखसुद्धा जाईना. दोन्ही खटके 'टक्' करून लागले. दाजींनी सगळ्या आळीला गूळ-शेंगदाणे वाटले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळे पाने, हातोडी, जॅक धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू लागलं. मग दाजींना हौस आली की गाडीची पूजा चावडीपुढच्या मोकळ्या पटांगणात करावी, गावानं बघावी. गाडी तिकडं नेली, नारळ फोडायला म्हणून समोर आलो... आणि बॉनेटचा उजवा कोपरा दोन बोटं वर!

मी जागेवर बसलो. दाजी माझ्या शेजारी बसले. हळूहळू उजेड पडला. गाडीचा स्टार्टर मेलेला, म्हणून ती कायम घरासमोरच्या उतारावर, मागचं डावं चाक खड्ड्यात घालून उभी असायची. ढकललं की चालू. जुनी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तिथं पिळवटून बसायची, आणि मी त्या पिळवटलेल्या गाडीला बॉनेट बेतलं होतं. सपाटीवर आल्यावर चासी सुटली आणि माझं फिटरपणही.

"म्हंजी पाव्हणं," दाजी शांतपणे म्हणाले, "आपलं बॉनेट फक्त घरी बरुबर बसतंय. भाईर गेलं की तोंड उघडतंय. लय दिवसांनी ह्या घरात कुनीतरी माझ्यावर गेलं."

पुन्हा बसवावं म्हटलं तर पाने पाटावर. दाजींच्या आई पाटापुढं राखणीला बसलेल्या. "एकदा कुकू लागलं की पाना देव झाला," त्या म्हणाल्या. "उद्या पूजा उतरंपातूर हात लावायचा न्हाई. देवाला कुनी नट आवळायला लावतंय व्हय?" आणि उद्या तर आम्हाला उजाडतानाच निघायचं होतं.

दाजींनी डोकं लढवलं. गाडी सपाटीवर ठेवून ते हौद्याच्या एकेका कोपऱ्यात मला बसवून बघू लागले. मागच्या डाव्या कोपऱ्यात मी बसलो तसा पुढचा उजवा कोपरा मिटला आणि खटका लागला. "हलू नका!" दाजी ओरडले. दसऱ्याला दाजींनी गुलाबी फेटा बांधला, अक्का पुढं बसली, आणि मी मागच्या डाव्या कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्यावर. लोकांचे मेव्हणे वकील होतात, मास्तर होतात. मी वायसर झालो, फट बुजवायला घालतात ती चकती. अक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. बॉनेट बसलेलं बघून ती मला म्हणाली सुद्धा, "शिकलेलं वाया गेलं न्हाई रे तुझं."

मानवतपर्यंत मी श्वाससुद्धा डावीकडं सोडत होतो. तिथं गाडी थांबली. दाजी झेंडूची फुलं घ्यायला उतरले आणि मला समोर भज्यांची गाडी दिसली. दाजी परत यायच्या आत पुडा घेऊन येऊ म्हणून मी उतरलो. दाजी आले, मागं न बघता बसले, चार पोरांनी धक्का दिला आणि गाडी निघाली. मी हातात पुडा घेऊन मागं पळतोय, "दाजी, फट! फट!" ओरडतोय, आणि गावाबाहेर पडता पडता बॉनेट उठलं आणि काचेवर धाडकन आदळलं.

मी पोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. दाजी खाली उतरले होते. चेहऱ्यावर एक रेघ नव्हती. "ठरलं ते ठरलं," ते म्हणाले. "सोनपेठात गिऱ्हाईक बघू." त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, माझं नावही घेतलं नाही. मी मात्र सगळं सांगून टाकलं, तोंडात भजं असल्यामुळं जरा अस्पष्ट. कोपरा, पोतं, वजन, सगळं.

अक्का ऐकत होती. "म्हंजी हा बसला म्हनून बसलं हुतं?"

"व्हय." दाजींनी मान हलवली.

"अन् तुमी मला सांगितलं न्हाई."

"तू आली नसतीस," दाजी म्हणाले. "आन् मला तुला गाडीतच न्यायचं हुतं."

अक्कानं काचेवरचं बॉनेट खाली ओढलं. मग दाजींपाशी गेली आणि सणासुदीच्या दिवशी, भर रस्त्यात, त्यांच्या डोक्यावरचा फेटा उचलून तिनं सोडवला. मला म्हणाली, "धर, दाब." मी बॉनेट दाबलं. तिनं तो गुलाबी फेटा बॉनेटवरून बंपरपर्यंत दोन वेढे घेऊन बांधला, गाठ पिळून मारली. "चला," ती म्हणाली. "तिला गरज तुमच्यापरीस जास्त हाय." जावई बोडक्यानं आणि गाडी फेटा बांधून दारात आलेली बघून आमच्या आईला काय वाटलं असेल, ते ती शेवटपर्यंत सांगायची. गाडी विकायची गोष्ट अक्कानं पुन्हा काढली नाही. पुढं आम्ही सपाटीवर, बिजागऱ्यांखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून बॉनेट नीट बसवलं, आणि इंजिन दमेपर्यंत ती गाडी लोकांच्या हाकेला धावली.

दाजींच्या अस्थी गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडून आम्ही परत निघालो तेव्हा भाच्याची नवी गाडी होती. वयाच्या मानानं मी पुढच्या सीटकडं निघालो. अक्कानं माझा दंड धरला. "तू माघं. डाव्या कोपऱ्यात." दाजी मला पुढं आयुष्यभर, लग्नाच्या जीपमध्ये, लेकीच्या कारमध्ये, तिथंच बसवत आले होते. मी जाऊन बसलो.

मानवतला सगळे चहाला उतरले. मी उतरलो नाही.