सुईवाल्या ताई

जळलेल्या मोटरी पुन्हा बांधून देणाऱ्या त्या दुकानात थोरल्या सुनेला सगळे ‘सुईवाल्या ताई’ म्हणत. सुई शिवणाची नव्हे, होकायंत्राची. तांब्याच्या तारेची वेटोळी मोटरच्या पोटात बसली की ताई बॅटरीचा थोडासा प्रवाह सोडत आणि होकायंत्र आतून गोल फिरवत नेत. प्रवाह वाहिला की वेटोळ्यांच्या प्रत्येक गटाचं चुंबक होतं. एक गट सुईचं टोक ओढतो, शेजारचा ढकलतो. सुई दर गटापाशी उलटली, तर जोडणी बरोबर. कुठे नाही उलटली, तर त्या गटाची टोकं उलटी जोडलीत. अठरा वर्षं ताईंनी ‘पास’ म्हटल्याशिवाय एकही मोटर तारा पक्क्या करणाऱ्या व्हार्निशात बुडाली नव्हती.

आणि मग धाकटी जाऊ आली.

“हात बघा हिचे!” मामंजी गिऱ्हाइकांना सांगत. “तार कशी केसासारखी बसते!”

ताईंच्या हातांबद्दल अठरा वर्षांत ते एवढंच बोलले होते, “नखं कापत जा.”

त्यातून धाकटी वेढे मोजताना गुणगुणायची. ताई तर मोजताना शिंकही दाबून धरत. बरं, गुणगुणून हिचा एखादा वेढा तरी चुकावा? छे!

परवा बर्फाच्या कारखान्याची मोठी मोटर आली. मामंजींना बारीक तार दिसेनाशी झाली होती; खिडकीजवळचं आपलं टेबल ते सोडणार होते. मोटर त्यांनी धाकटीपुढे सरकवली.

“ही पहिल्या फटक्यात पास झाली, तर खिडकी तुझी.”

“अय्या, आणि ताई?”

“तिचं काय, ती कुठेही बसते.”

कुठेही! भंगार तारेच्या पिंपाशेजारी, फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली, अठरा वर्षं! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज मोटर तपासायला आली. ताई वाकल्या. पहिला गट, सुई उलटली. दुसरा, उलटली. तिसऱ्यासाठी त्या आणखी पुढे झुकल्या...

सुई ढिम्म!

ताईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “तिसरा गट उलटा,” त्यांनी शांतपणे जाहीर केलं. “गाणं जरा जास्तच रंगलं वाटतं.”

धाकटी पांढरीफटक. “नाही हो ताई, मी दोनदा बघितलंय.”

“म्हणजे सुई खोटं बोलते?”

मामंजींनी सुस्कारा सोडला. “तिनं सांगितलं म्हणजे संपलं. काप तो जोड. टोकं बदल.”

नाक ओढत धाकटीनं कटर उचलला. ताईंनी बॅटरी बंद केली आणि टेबलावर ठेवलेलं होकायंत्र घ्यायला त्या वाकल्या. सुई गर्रकन त्यांच्याकडे वळली. ताई मागे सरल्या; सुई परत फिरली. पुढे झुकल्या, पुन्हा त्यांच्याकडे.

त्यांचा हात एप्रनच्या खिशावर गेला. सकाळी सांडलेले स्क्रू उचलायला घेतलेला चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर! ‘आधी खिसे रिकामे करा, मग सुईला हात लावा,’ असं नवख्यांना दटावणाऱ्या त्याच. आज चूक शोधायची एवढी घाई, की स्वतःचाच खिसा विसरल्या.

कुणी पाहिलं नव्हतं. बरोबर असलेला जोड आता उलटा लागला असता, मोटर नुसती घुरघुरली असती आणि तापून जळलीही असती. खापर धाकटीवर फुटलं असतं. खिडकीजवळच्या टेबलावर छान ऊन पडलं होतं. कटरचं तोंड जोडाला भिडलं.

“थांब!”

ताई ओरडल्याच. स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी लांबच्या फळीवर आपटला. “लाव बॅटरी.”

सुई तिसऱ्या गटापाशी झोकात उलटली. चौथ्यापाशीही.

मामंजी फळीकडे बघत राहिले. “खिशात होता?”

“हो.”

“तुझ्या?”

“मग काय शेजारच्यांच्या?”

धाकटीला रडता रडता हसू फुटलं. “असू दे हो ताई. माझ्याकडूनही झालं असतं.”

“तुझ्याकडून नसतं झालं,” ताई म्हणाल्या. “तेच तर सोसवत नाही मला.”

त्यांनीच धाकटीचं स्टूल उचललं आणि खिडकीशी नेऊन धाडकन ठेवलं.

“बस. आणि तिथे बसून गुणगुणायचं नाही, सांगून ठेवते. पिंपापर्यंत ऐकू येतं.”