पदर आला कुठून?

“पदर कुठनं आला, सांगू का बाई?” असं म्हणून मावशी झाडू भिंतीला टेकवायची आणि मी ओळखायचे, आज वर्ग काही वेळेवर झाडून होत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात सुप्याच्या पलीकडच्या एका गावात मी शाळेची नवीन बाई होते. मावशी शाळा झाडायची, पाणी भरायची. लग्न झालेल्या बायका डोक्यावर पदर का घेतात, याची तिच्याजवळ निदान डझनभर कारणं होती.

“पयली सून चुलीपाशी चोरून भाकर खात हुती. सासू आली. गाल ह्यो एवढा फुगलेला. वढला पदर!” हे सोमवारी. गुरुवारी तीच सून ओट्यावरून पडलेल्या सासऱ्याला हसू दिसू नये म्हणून पदर ओढायची. सरपंचांच्या आईला मात्र तिनं सांगितलं, की पहिला पदर खुद्द सीतामाईनं घेतला. म्हातारीनं हात जोडले.

“मावशी, परवा तुम्ही वेगळंच सांगितलंत.”

“मंग? पयल्या सुना काय एकाच गावात हुत्या व्हय?”

असं म्हणून ती परत झाडू उचलायची. मला ती फार आवडायची.

माझंही लग्न झालेलं, पण मी पदर घेत नसे. फळ्यावर लिहिताना तो घसरतो, आणि खरं सांगायचं तर मी हट्टी. एक दिवस सरपंच चार पंच घेऊन शाळेत आले. “बाई, आमच्या सुना तुमचं बघून बिघडत्याल. पदर घ्या, न्हाईतर बदलीचा अर्ज करतो.” त्या वर्षी पहिल्यांदाच वर्गात नऊ मुली बसल्या होत्या. मी गेले असते तर त्याही घरी बसल्या असत्या.

मावशी पाणी घेऊन आली, पदर नाकापर्यंत. आतूनच सरपंचांना म्हणाली, “तात्या, पदर कुठनं आला, सांगू का?” आता भाकरीची गोष्ट निघणार म्हणून मी डोळेच मिटले.

“सासऱ्याम्होरं लाजायला आला. तुमी बाईंचं सासरं हाय का?”

“न्हाई.”

“मंग गावची लेक म्हना की. लेक कदी बापाम्होरं पदर घेती व्हय?”

चार लोकांत बाप व्हायला नाही कोण म्हणणार? सरपंच हो म्हणाले आणि फसले. दिवाळीला मला साडीचोळी आली. नवरा भेटायला आला, तर जावई म्हणून त्याला पाटावर बसवलं. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात शेवया! पुढं तो दर रविवारी येऊ लागला. माझ्यासाठी, असं तो अजून म्हणतो.

काही वर्षांनी बदली होऊन मी केडगावला आले. एका सकाळी सरपंचांचा पुतण्या दारात उभा. “मावशी गेली.” तिला पोटचं कुणी नव्हतं. आठवणीनं निरोप आणलास, म्हणत मी रडतच पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो घेतला नाही.

“ताई, चपला घाला. तात्या म्हनलं, लेक आल्याबिगर मावशीला न्यायची न्हाई. समदं गाव थांबलंय.”