उतारावरची ओली मेंढरं

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी रोज वाचतो, पण लिहायला पहिल्यांदाच बसलोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या, शाळा सातवीतच सुटली माझी. आता घरापासून लांब, गुजरातमध्ये गांधीधामजवळ एका लाकडाच्या वखारीत कामाला आहे. वखारीतली पोरं भुताखेतांच्या गप्पा काढतात तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच. लाकूड उन्हानं तडकतं, थंडीनं आकसतं, आवाज करतं... त्यात भूत कुठून आलं?

तसा मी घाबरट आहे, खोटं कशाला बोलू. पण माझी भीती अपघाताची. गाडीवर लेकरू असलं की हात घामानं ओले होतात. म्हणूनच त्या दिवशीचं सगळं मला बराबर आठवतं. मी बेसावध नव्हतो, हे आधी ध्यानात घ्या.

माझं गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. प्रत्येक घराची आपापली खूण असते, कोणाचा कान कापलेला, कोणाचा रंगाचा पट्टा. आमची खूण म्हणजे गेरूचा पंजा. माय गेरूत हात बुडवून मेंढीच्या पुठ्ठ्यावर उमटवायची. कोकरांवर मात्र माझा हात, कारण तेवढ्याशा अंगावर तिचा पंजा मावायचा नाही.

मी सातवीत असताना आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन गावाकडं परत येत होते. आमच्या रस्त्यावर उतार लागतो, खाली ओढा. तेव्हा पूल नव्हता, ओलांडायला पाण्यालगतची नुसती फरशी. पाऊस वर कुठंतरी झाला असणार. मेंढरं मधोमध असताना पाणी आलं... सगळी गेली. आबांना लोकांनी बाभळीच्या फांदीवरून काढलं. ते कळपाच्या मागं होते, कारण आमच्यात एक लंगडी मेंढी होती आणि ती कायम शेवटी राहायची. आबा तिच्या बरोबरीनं चालायचे. पुरात तिचा कान त्यांच्या हातात होता, मग तोही सुटला. हे मला मायनं सांगितलं. आबा त्यावर कधीच बोलले नाहीत.

पुढं तिथं पूल झाला. पण आबांनी तो कधी ओलांडला नाही. हिंगोलीला जायचं झालं तर लांबच्या वाटेनं फेरा घालून जायचे.

मेंढरं गेल्यावर आबांनी एक जुनी मोटरसायकल घेतली, लोकांच्या शेळ्यामेंढ्यांना दवापाणी करत गावोगाव फिरायला. ती अजून आहे. टाकीचा रंग उडालाय, सीट सुतळीनं शिवलीय, आणि गरम झाल्यावर बंद केली की लवकर चालू होत नाही. मी गाडी शिकलो ती हिच्यावरच. शिकवताना आबांनी एक गोष्ट डोक्यात पक्की घातली. रस्त्यात मेंढरं आडवी आली तर हॉर्न मारायचा नाही, मधून गाडी घालायची नाही. इंजन बंद करायचं, पाय टेकवायचे, आणि शेवटचं जनावर रस्ता सोडेपर्यंत किकला पाय लावायचा नाही. मेंढरं इंजनाला बुजतात, एक बुजलं की सगळी फुटतात. आमच्यातलं कोणीही असंच थांबतं. बाकीचे लोक पों-पों करत निघून जातात.

आता त्या दिवसाचं सांगतो. संक्रांत होऊन गेली होती. ऊसतोड जोरात होती. मी सुट्टी संपवून निघालो होतो, आणि पहिल्यांदाच बायको सुनीता आणि आमची लहानगी लेक आरू माझ्यासोबत राहायला येणार होत्या. हिंगोलीहून संध्याकाळची ट्रॅव्हल्स होती. आबांची गाडी हिंगोलीत मामेभावाकडं ठेवायची ठरली होती. आरू टाकीवर माझ्यापुढं, सुनीता मागं, तिच्या मांडीवर बॅग.

निघताना आबा म्हणाले, "गजू, लांबच्या वाटेनं जाय."

"आबा, तिकडून टाइम होईन. गाडी सुटन आमची."

त्यांनी आरूच्या टोपीची नाडी घट्ट केली आणि मागं सरकले.

दुपारचं ऊन चांगलंच होतं. रस्ता कोरडा ठणठणीत, धूळ उडत होती. सुनीतानं तोंडावरून पदर घेतला होता. उताराच्या अलीकडं वळण आहे, तिथून पूल दिसत नाही. वळणाच्या तोंडाशी आलो आणि डाव्या हाताच्या झाडीतून, ओढ्याच्या अंगानं, मेंढरं वर आली.

मी ब्रेक दाबला, गाडी बंद केली, पाय टेकवले. विचार करायची गरजच नव्हती, सवयच ती.

पुढं एक बोकड, गळ्यात घंटी. मागं मेंढरं, एकमेकांना चिकटून, माना खाली. पहिलं काय जाणवलं असेल तर... ती ओली होती. चिंब. लोकर अंगाला चिकटलेली, पोटाखालून पाणी निथळत होतं. मला वाटलं, ओढ्यात धुऊन आणली असतील. पण हिवाळ्यात मेंढरं कोण धुतं? आणि आवाज फक्त घंटीचा. एवढी मेंढरं डांबरावरून चालली तर खुरांचा आवाज कसा होतो, हे मला कोणी सांगायला नको. तो नव्हताच.

"काहून थांबले वो?" सुनीता मागून म्हणाली.

"जाऊ दे की त्याईला."

"कोनाला?"

मला वाटलं, वैतागली आहे. मेंढरं गाडीच्या अगदी पुढून जात होती. एक मेंढी सायलेन्सरला घासून गेली आणि चर्र झालं, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं. आरूनं हात लांब केला.

तेव्हा मला पुठ्ठ्यावरचे पंजे दिसले. गेरूचे, पाण्यानं जरा फिसकटलेले. आणि कोकरांवरचे लहान पंजे... ते लेकराच्या हाताचे होते.

मी हॅंडल घट्ट धरून बसलो. भीती वाटली का, तर नाही. मागं राखणारा माणूस कोणीच नव्हता.

"अवो, चला ना! गाडी सुटल्यावर मंग मलाच बोलसान."

कळप उजव्या हाताच्या गव्हात उतरला. सगळ्यात मागं एक लंगडी. रस्त्याच्या मधोमध ती थांबली. मान वळवून खाली पुलाकडं बघत राहिली. सुनीता पाठीत बोट टोचत होती, पण मी किकला पाय लावला नाही. शेवटचं जनावर अजून रस्त्यावर होतं.

मग ती गेली. एक पाय उचलत, हळूहळू, बांधापलीकडं.

मी किक मारली. लागली नाही. पुन्हा मारली. इंजन तापलेलं.

"झालं समाधान?" सुनीता म्हणाली. "आता ढकला हिंगोलीपर्यंत!"

तेवढ्यात वळणापलीकडून आवाज आला. असा आवाज की आरू एकदम माझ्या छातीला बिलगली. लोखंड फरफटल्याचा, मग काहीतरी मोठं कोसळल्याचा.

गाडी तिथंच स्टॅंडला लावली, आरूला सुनीताकडं दिलं आणि पळत वळणापुढं गेलो. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. पूल ओलांडून चढाला लागल्यावर मागच्या ट्रॉलीची पिन तुटली. ट्रॉली उलटी घरंगळत पुलावर गेली, आडवी झाली आणि कठडा घेऊन पालथी पडली. सगळ्या पुलावर ऊस. मोकळी जागा म्हणून नाही. नशिबानं मागं कोणी नव्हतं.

ड्रायव्हर पोरगाच होता. रस्त्यात बसला होता.

"दादा, तुमच्या गाडीची धूळ दिसली होती मला," तो म्हणाला. "मी म्हनलं, आता उतरून राहिला कोनीतरी. साइड द्यावं म्हनून वाट बघून राहिलो... अन् तुमी आलेच न्हाई."

"मेंढरं आडवी आली होती," मी म्हणालो. "इकडं दिसली का तुला? ओढ्याकडूनच वर आली ती."

"न्हाई बा. सकाळपसून खेपा करून राहिलो, एक शेळी सुदिक दिसली न्हाई."

मी परत आलो आणि आधी गव्हात गेलो. पाणी नुकतंच दिलेलं होतं. माझे पाय घोट्यापर्यंत रुतले. चिखलावर माझ्या पायांशिवाय एक ठसा नव्हता. एक काडी मोडलेली नव्हती. कळप शिरला असता तर शेताचा मालक बोंब मारत आला असता. रस्ता तर पूर्ण कोरडा.

सुनीता बांधावर आरूला घेऊन उभी होती. रडत होती. वळणापर्यंत येऊन खालचा पूल तिनंही बघितला होता.

"सुने, मेंढरं दिसली ना तुला?"

"कोन्ती मेंढरं? काय बोलून राहिले तुमी?" ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "रिकाम्या रस्त्यावर गाडी बंद करून बसले होते तुमी. मला वाटलं, चक्कर आली तुमाला." मग म्हणाली, "सायलेन्सरवर काहीतरी चर्र वाजलं, तेवढं आयकलं मी. अन् हे लेकरू हवेत हात फिरवून राहिलं होतं... कुत्र्याच्या पिल्लाला कुरवाळावं तसं."

ट्रॅव्हल्स चुकली ती चुकलीच. गाडी गार झाल्यावर एका किकमध्ये चालू झाली. आम्ही गावाकडं परत आलो.

आबा ओट्यावर होते. सुनीतानं रडत रडत ट्रॉलीचं सांगितलं. मायनं आरूला उचलून मीठमोहऱ्या ओवाळायला घरात नेलं. मग मी आबांजवळ बसलो आणि मेंढरांचं सांगितलं. घाबरत घाबरतच, कारण त्यांच्यापुढं मेंढरांचं नाव आम्ही घरात घेत नव्हतो.

त्यांनी मधे टोकलं नाही. शेवटी विचारलं, "अंगावर काय व्हतं?"

"पंजा. मायचा... अन् कोकरायवर माझा."

"वल्ली व्हती म्हन्तो?"

"चिंब."

"लंगडी?"

"सगळ्यात मागं. थांबली रस्त्यात, पुलाकडं पाहिलं, मंग गेली."

आबा माझ्याकडं वळले. "वढ्याच्या कोन्त्या अंगाला व्हती रं?"

"ह्या अंगाला, आबा. आपल्या अंगाला."

"म्हंजी... निंगाली बाहेर," ते म्हणाले. "लंगडी बी निंगाली."

मी माझ्या बापाला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पूल मोकळा झाला. सुनीता आणि आरूला जीपमध्ये बसवलं. मी बॅगा घेऊन मोटरसायकलवर निघणार, तर आबा टोपी घालून आले आणि मागं बसले. "गाडी मीच आनीन हिंगोलीवून," एवढंच बोलले. मी गुपचूप पुलाच्या वाटेला लागलो. त्यांनी अडवलं नाही.

वळणाच्या तोंडाशी त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "इंजन बंद कर."

मी केलं. पाय टेकवले. रस्त्यावर काही नव्हतं. खरंच काही नव्हतं, मी डोळे फाडून बघत होतो. घंटीसुद्धा नाही. मागं वळून पाहिलं तर आबांची नजर डावीकडून उजवीकडं, हळूहळू सरकत होती. मग पुन्हा डावीकडं येऊन पुन्हा तशीच. ओठ हलत होते. कळप मोजणारा माणूस जसा बघतो तसं. शेवटी नजर रस्त्याच्या मधोमध थांबली. बराच वेळ तिथंच राहिली. मग बांधापर्यंत गेली.

"हं. चाल आता," ते म्हणाले.

किक मारली आणि तापलेली गाडी लगेच चालू झाली. आम्ही पूल ओलांडला.

त्यांनी काय पाहिलं, मी विचारलं नाही. आजपर्यंत नाही. फोनवर बोलतो तेव्हा ते आरूचं विचारतात, मी मायचं विचारतो. त्या उताराला दोघंही हात लावत नाही. इथं कच्छमध्येही रस्त्यात मेंढरं येतात. मागचे लोक हॉर्न मारतात, शिव्या देतात, मी इंजन बंद करून थांबतो. माझी लेक आता वखारीच्या आवारात धावते, पडते, पुन्हा उठते. तिला बघितलं की मनातल्या मनात त्या लंगडीला हात जोडतो.

तुमच्यात कोणी शिकलेलं असेल, याचा अर्थ लावू शकत असेल, तर जरूर सांगा. मला अजून लागलेला नाही.