उजव्या काचेची कडी

आर्लो ट्वेटने एकतीस वर्षं एका कागदाची वाट पाहिली. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना आमच्या मोंटानात सोडतीने मिळतो, आणि सोडतीत नाव निघायच्या आधी बहुतेकांचं नाव दफनभूमीतल्या दगडावर निघतं. आर्लो दरवर्षी अर्ज करायचा, दरवर्षी नकार यायचा, आणि नकाराचा कागद तो माझ्या दुकानात आणून मला दाखवायचा, जणू मीच तो पाठवला होता. एकाहत्तराव्या वर्षी, जूनमध्ये, नाव निघालं. त्याच दिवशी तो दुकानात आला. काउंटरवर परवाना ठेवला, टोपी काढली आणि म्हणाला, "नोरीन, मला दुर्बीण घ्यायचीय. पण समजल्याशिवाय घेणार नाही."

बंदुका, काडतुसं, गळ आणि दुर्बिणी विकायचं हे दुकान मी तेहतीस वर्षं चालवते. न समजता दुर्बीण घेणारे इतके पाहिलेत की आर्लोचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. आज वाटतं, तेव्हाच त्याला कुठलीही एक हातात देऊन वाटेला लावायला हवं होतं.

त्याची नोकरी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर होती. उन्हाळ्यात रस्ता सपाट करणारा ग्रेडर, हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी. गावापासून हायवेपर्यंतचा अकरा मैलांचा रस्ता एकोणतीस वर्षं त्याच्या ताब्यात होता. कडेची रेघ हातभर जरी वाकडी गेली तरी हा गडी मैलभर मागे जाऊन ती सरळ करायचा. त्याची बायको आयडेल म्हणायची, माझं लग्न रस्त्याशी झालंय. ती जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर त्याच्याजवळ राहिलं ते स्वैपाकघर, खिडकीतून दिसणारी धान्याची उंच कोठी, आणि दरवर्षीचा तो अर्ज.

मेंढ्याची शिकार म्हणजे नव्वद टक्के बसून बघणं. समोरच्या कड्यावर दगडाच्या रंगाचं जनावर दगडात बसलेलं असतं, आणि तुम्ही पहाटेपासून दुर्बीण लावून दगड मोजत असता. दिसला तरी लगेच मारायचा नाही. त्याच्या शिंगाचं वेटोळं पाऊण पूर्ण झालंय हे पक्कं कळायला हवं. कोवळा मेंढा मारलात तर परवाना गेला, आणि अब्रूही. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून खात्री करून घेऊ म्हणाल तर आमच्याकडे तसल्या माणसाशेजारी कोणी कॉफीलाही बसत नाही, कारण जे ओळखायचं त्याच्यावर तुम्ही नळी रोखलेली असते.

तर आर्लो शिकायला लागला. त्याने एक वही केली. दुर्बिणीवर दहा गुणिले बेचाळीस लिहिलेलं असतं, त्यातलं दहा म्हणजे किती पट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बेचाळीसला दहाने भागून आला. दुर्बीण हातभर लांब धरली की मागच्या काचेत उजेडाची गोल टिकली दिसते, ती तेवढ्याच मिलिमीटरची असते, हे त्याला कुठल्याशा पुस्तकात सापडलं होतं. आयडेलची शिवणाची फीत घेऊन त्याने माझ्या कपाटातल्या सगळ्या दुर्बिणींच्या टिकल्या मोजल्या. मग त्याला कळलं की म्हाताऱ्याच्या डोळ्याची बाहुली अंधारातही फार उघडत नाही, त्यामुळे मोठ्या टिकलीचा जास्तीचा उजेड गालावर सांडल्यासारखा वाया जातो. यावर तो इतका खूश झाला की कॅफेत जो भेटेल त्याला थांबवून सांगायचा. काचेवरचा लेप, आतले प्रिझम, चष्मेवाल्याने डोळा किती लांब ठेवायचा, सगळ्यांचे कान किटले. रोली हाउगेन, ज्याचं नाव सोडतीत अजून निघालेलं नाही आणि ज्याचा त्यावरून जळफळाट होतो, एकदा म्हणाला, "आर्लो, मेंढा म्हातारा होऊन मरेल, तोवर तुझी भागाकाराची वही भरेल." आर्लोने त्यालाही टिकली दाखवली.

माझ्या दुकानाची रीत अशी की दुर्बीण घेऊन बाहेर फुटपाथवर जायचं आणि धान्याच्या कोठीवरची जुनी अक्षरं वाचायची. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याला स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या काचेपाशी असलेली लहान कडी फिरवायची. दोन डोळ्यांत असलेला फरक ती कडी भरून काढते. एकदा जमली की पुन्हा हात लावायचा नाही.

जुलैत त्याने पहिली दुर्बीण परत आणली. उजवी काच बिघडलीय म्हणाला, स्पष्ट होतच नाही. मी दुसरी दिली. चार दिवसांनी तीही परत. या काचेत कोठीची कड मधोमध आत दबलेली दिसते म्हणाला, आणि वही उघडून वाचून दाखवलं की स्वस्त काचेत सरळ रेघ वाकते. मी म्हटलं, ही स्वस्त नाही. तो म्हणाला, मग तुला फसवलंय.

तिसरी परत आली तेव्हा तिची कडी मी पाहिली. ती शेवटच्या टोकापर्यंत फिरवलेली होती, त्यापुढे जागाच नव्हती. आधीच्या दोन्ही मी पेटीतून काढल्या. त्यांच्याही कड्या टोकाला. आणि वही मीही ऐकली होती. काच वाकवते ती कडेला, मधोमध नाही.

माझ्या आईला शेवटी शेवटी दाराच्या चौकटी वाकड्या दिसायच्या. आम्ही सुताराला बोलावलं होतं, आणि दोष तिच्या डोळ्यांत निघाला. त्यामुळे मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. तरी मी चौथी दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली.

का, ते सांगते. आमच्याकडे सगळं शिकारीच्या हंगामानंतर होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया हंगामानंतर, लग्न हंगामानंतर, घटस्फोटसुद्धा. रोलीच्या भावाने छातीतली कळ एल्क हरीण मिळेपर्यंत कोणाला सांगितली नाही, आणि त्याच्या प्रेतयात्रेत लोक त्याबद्दल कौतुकाने बोलत होते. डॉक्टरकडे गेला तर आर्लोची गाडी बंद होईल, बंदूक बंद होईल, एकतीस वर्षं पाण्यात. परवाना दुसऱ्याला देता येत नाही, पुढच्या वर्षी वापरता येत नाही. मी मनाशी म्हटलं, सप्टेंबर आलाच आहे. मेंढा मारू दे, मग सांगू. जिभेवर आलेलं गिळायला मला काहीही कष्ट पडले नाहीत, हे आठवलं की माझी मलाच किळस येते.

ऑगस्टच्या अखेरीस तो पाचवी दुर्बीण घेऊन आला. ती दुकानातली सगळ्यात महाग होती, चार आठवडे त्याच्याकडे होती. त्या दिवशी तो काउंटरशी आला नाही. खिडकीपाशी उभा राहिला.

"मी पालथी करून पाहिली," तो म्हणाला. "पालथी केली की डावी नळी उजव्या डोळ्यावर येते. काच वाईट असेल तर वाईटपणाही डावीकडे जायला हवा."

मी काउंटरवरची पावतीवही मिटली.

"गेला नाही, नोरीन. उजवीकडेच राहिला."

त्याने डावा डोळा नुसत्या हाताने झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. नंतर म्हणाला, तुझा चेहरा दिसत नाही, कान दिसतात. इतके आठवडे त्याने असं करून पाहिलं नव्हतं. जगाकडे तो दोन्ही डोळ्यांनी बघायचा, एका डोळ्याने बघायचा ते फक्त माझ्या काचांतून. आणि प्रत्येक वेळी मी त्याला नवी काच देत होते.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध रक्त झिरपून आता तिथे वण झाला होता. बाई भल्या होत्या, पण खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "जुलैत आला असतात तर इंजेक्शनांनी बरंचसं वाचलं असतं. आता उजव्याचं काही होणार नाही. डाव्याला जपा." त्यांनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला. रोज सकाळी डाव्या डोळ्याने बघायचा, रेघा वाकल्या तर त्याच दिवशी यायचं. जुलै हा शब्द ऐकल्यावर मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिले. आर्लोने तो कागद घरी फ्रिजवर लावला, परवान्याच्या शेजारी.

मला वाटलं तो आता मेंढ्याचं नाव काढणार नाही. पण बाईंनी डाव्या डोळ्याने गाडी चालवायला, दिवसा, हळू, परवानगी दिली होती, आणि आर्लोने त्यातून बंदुकीची परवानगी स्वतःच काढली. खडीच्या खाणीत जाऊन डाव्या खांद्यावरून मारायला शिकला. खांदा काळानिळा झाला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं वर गेलो. ट्रायपॉड मी वाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मला मेंढे दिसले. तीन. त्यातला एक थोराड, शिंग हनुवटीखालून फिरून पुन्हा वर आलेलं. पाऊण कसलं, त्याहून जास्त. अंतरही आवाक्यातलं. मी ट्रायपॉडवर दुर्बीण नेमकी लावली आणि बाजूला झाले. आर्लो डावा डोळा लावून बसला.

बराच वेळ बसला. मेंढे दिसतात म्हणाला, तीन आहेत, मधला मोठा आहे. शिंगाचं टोक मात्र धूसर दिसतं. मी म्हटलं, "मी पाहिलंय. पूर्ण वेटोळं आहे. माझ्या शब्दावर मार."

"तुझ्या शब्दावर?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "नोरीन, मी एकतीस वर्षं अर्ज माझ्या नावाने केला."

दुसऱ्याच्या डोळ्यांवर चाप ओढायचा नाही, हे आम्ही पोरांना बंदूक हातात द्यायच्या आधी शिकवतो. मीच किती जणांना शिकवलंय. मला वाटत होतं, एकदा मोड ना ती रीत, म्हाताऱ्या, कोण बघतंय. तो पाऊण तास तसाच बसला. डोळ्यातून पाणी यायचं, बाहीने पुसायचा, पुन्हा लावायचा. कडी फिरवून बघायचा, चाक फिरवून बघायचा, सगळं शिकलेलं करून बघायचा. मग मेंढे उठले आणि कड्यामागे गेले. थोराडाने जाताना मान वळवून पूर्ण बाजू दाखवली.

आर्लोने काचा पुसल्या, झाकणं लावली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

मला विचारता आलं असतं, काय कळलं. पण तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती. "जुलैत," मी म्हटलं. "तिसऱ्या दुर्बिणीला. कडी टोकाला होती."

तो कड्याकडेच बघत होता. "मीही हंगाम संपेपर्यंत थांबलो असतो," म्हणाला.

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी त्या घरी नेल्या असत्या आणि जन्मभर जपल्या असत्या. त्याने सँडविचचा अर्धा भाग मला दिला. तो मी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

ती पाचवी दुर्बीण त्याने आठवड्याने परत आणून दिली. पैसे परत घेतले नाहीत. ती कपाटात आहे. विकायची तर कडी मधल्या खुणेवर आणावी लागते, आणि माझा हात तिथपर्यंत जातो आणि मागे येतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी एल्कचा हंगाम उघडतो. त्या सकाळी आमच्या गावात कुत्री सोडून कोणी राहत नाही. माझी पिकअप भरलेली होती, इंजिन चालू होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"कोठी वाकलीय," आर्लो म्हणाला. "डाव्यात."

कागद पाहिलास का, मी विचारलं. म्हणाला, कागद कशाला पाहू, एवढी मोठी कोठी आहे. मग जरा थांबून म्हणाला, "आज पहिला दिवस आहे. तू जाऊन ये. सोमवारी जाऊ."

मी बंदूक काढून घरात ठेवली आणि त्याच्या दाराशी गेले. तो पायऱ्यांवर टोपी घालून, अंगात जाकीट चढवून बसला होता. म्हणजे मी येईन हे त्याला ठाऊक होतं, किंवा यावं असं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंना मी वाटेतून फोन केला. या म्हणाल्या, बघू म्हणाल्या. त्यांच्या त्या बघूचा अर्थ मला आईच्या वेळेपासून माहीत आहे.

आम्ही हायवेकडे निघालो आणि शेतांवर राहणारं अर्धं गाव समोरून डोंगराकडे येत होतं. एकामागे एक पिकअप. लोक हात करत होते. आर्लो विचारायचा, हा कोण, आणि मी सांगायचे. रोली हाउगेनने गाडी हळू केली, काच खाली घेऊन ओरडला, चुकीच्या दिशेला निघालात. मी थांबले नाही.

पाचव्या मैलानंतर आर्लोने विचारणं सोडलं. पुढच्या काचेतून बघत राहिला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची शेतं आणि मधून त्याचा रस्ता, हायवेपर्यंत.

"नोरीन," तो म्हणाला, "हा सरळ आहे ना अजून?"

"सरळ आहे, आर्लो."

"नक्की?"

"मी बघतेय ना," मी म्हटलं. त्याने डोळे मिटून घेतले.