दहावा कप

बाईने माझ्या पायांकडे पाहिले आणि रिकामा ट्रे माझ्या हाती दिला. “किचन उधर. चाय लाओ. जल्दी.” ती रागावलेली नव्हती. हे नोंदवून ठेवणे भाग आहे. आवाज सौम्य होता. मोडकी हिंदी तिने कलकत्त्यात उचलली असावी. मी अनवाणी होतो, आणि तिच्या घरात अनवाणी माणसाला एकच जागा होती.

मी तिच्याकडे पाहुणा म्हणून आलो होतो. विद्यार्थी म्हणून.

ते दशक एकोणीसशे पन्नासचे. कुवेत शहरातील एका बांधकाम कंपनीत मी ट्रेसर होतो. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि त्याच्या रेघा शाईने गिरवायच्या, एवढेच काम. स्वतःची रेघ काढण्याचा अधिकार ड्राफ्ट्समनचा. कंपनीत एक इंग्रज साहेब आम्हा आठ ट्रेसरांचा संध्याकाळी वर्ग घेई. वर्षअखेरीस आठांतून एकाला ड्राफ्ट्समन करणार होते. त्या पदासाठी मी वर्षभर डोळे फोडून घेतले होते.

एका शुक्रवारी साहेबाने आम्हाला बसने इंग्रजांची घरे दाखवायला नेले. सकाळी शहरातील किनाऱ्यावरची जुनी कोठी. जाड भिंती, सागवानी तुळया. कोठी कोणी बांधवली, कोण कोण राहून गेले, हे साहेबाने सांगितले. सागवान आमच्या बाजूच्या समुद्रातून गलबतांवर आले होते. बाणकोटच्या खाडीवरच्या आमच्या गावात माझा आजा खलाशी होता. असे लाकूड त्याने वाहिलेले होते. ते त्या इतिहासात नव्हते. मी वहीत लिहून घेतले ते साहेबाने सांगितलेले.

दुपारी अहमदी. तेलवाल्या साहेबांचे बंगले, सरळ रांगेत. त्यांपैकी एक बंगला साहेबाच्या मित्राचा; बाई त्या मित्राची बायको. विलायतेतील जुन्या घरांची ठेवण पाहून तो बांधला आहे, तो आतून पाहा, मापे घ्या आणि आठ दिवसांत नकाशा सादर करा, असे साहेबाने सांगितले. त्याच नकाशावरून निवड होणार होती.

मी फितीने ओसरी मोजत मागे राहिलो. बाकीचे आत गेले. मग मीही गेलो, पायरीवर जोडे काढून. आमच्याकडे जोडे घालून कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. घर परक्याचे असेल तर मुळीच नाही. केरळचा मॅथ्यू माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. त्याच्या घरीही जोडे दाराबाहेरच राहत. पण त्याने आधी साहेबाच्या पायांकडे पाहिले. मी पाहिले नाही.

स्वयंपाकघरात दापोलीकडचे उस्मानचाचा होते. पन्नाशीचे, पांढरा डगला, पाय उघडे. माझी बोली ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

“मेल्या, जोडे कशाला काढलेस? साहेबाच्या घरात जोडे काढतो तो नोकर. मी पण काढले होते, तिकडे इराणात, आबादानला, पहिल्या दिवशी. अजून घालायला मिळाले नाहीत.”

आणि ते स्वतःच हसले. हसता हसता ट्रेमध्ये कप मांडू लागले. बाईने दहा सांगितले होते: आम्ही आठ, साहेब आणि ती स्वतः. मी एक कप उचलून ओट्यावर ठेवला.

“नऊ करा, चाचा. दहावा माझाच होता.”

त्यांचे हसणे थांबले. “तू त्या पोरांतला? शिकणारा?” मग खालच्या आवाजात म्हणाले, “जा, बाईला सांग. तिला काय ठाऊक?”

मी सांगितले नाही. भीती होतीच. पण ‘मी नोकर नाही’ हे वाक्य उस्मानचाचांसमोरून जाऊन बोलायचे होते. ते माझ्याच्याने उचलले गेले नाही. ट्रे उचलला गेला.

बैठकीत भिंतीला लागून विलायती शेकोटीचा चौथरा होता. अहमदीच्या वाळूत, विटांची शेकोटी. साहेब तिची माहिती देत होता. त्याने मला पाहिले. ओळखले. कप घेतला आणि पुन्हा शेकोटीकडे वळला. बाईने घेतला, मग सहा जणांनी कप घेतले. मॅथ्यूने शेवटी घेतला. साखर घातली, ढवळली. मान वर न करता म्हणाला, “थँक यू.”

तो मला म्हणाला. रोज माझ्या डब्यातली मासळी खाणारा.

मी रिकामा ट्रे घेऊन परत आलो तो स्वयंपाकघरातच राहिलो. खिशातून फीत काढली. उस्मानचाचांनी न विचारता तिचे दुसरे टोक धरले. आम्ही ओटा मोजला, चूल मोजली, मागचे अरुंद दार मोजले. मग त्यांची खोली. साडेसात फूट लांब, पाच फूट रुंद. वर पत्रा. खिडकी नाही. “नीट लिही,” ते म्हणाले, “पाचला दोन बोटे कमीच आहे.”

आठ दिवसांनी मी नकाशा दिला. स्वयंपाकघर, मागचे दार, नोकराची खोली, सर्व मापांसह. पुढच्या खोल्यांच्या जागी कोरा कागद.

साहेबाने तो टेबलावर पसरून पाहिला. रेघ उत्तम आहे, म्हणाला. आठांत उत्तम. मग मॅथ्यूचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात बैठक होती, शेकोटी होती, स्वयंपाकघर म्हणून एक रिकामा चौकोन होता, आणि नोकराची खोली नव्हतीच.

“पुढचा भाग यावरून गिरवून घे. तू ट्रेसर आहेस. दहा मिनिटांचे काम. मग जागा तुझी.”

मी म्हणालो, “नाही, सर. मला ज्या घरात ठेवले, ते घर मी काढले आहे. ते पूर्ण आहे.”

वर्ग ऐकत होता. मॅथ्यू पेन्सिलीला टोक करीत होता.

जागा त्याला मिळाली. पुढची चार वर्षे मी त्याचे नकाशे गिरवले. त्याने एकदा माफी मागितली. मी ऐकून घेतली, दिली नाही. स्वतःलाही दिलेली नाही, कारण ते नऊ कप मी माझ्या हातांनी वाटले होते. अजूनही कोणी मान खाली ठेवून आभार मानले, की हातांत ते वजन येते. हात टेबलावर टेकवावे लागतात.

पुढे मुंबईत ड्राफ्ट्समन झालो. पहिल्याच दिवशी मालकांना अट सांगितली, आणि नंतर प्रत्येक मालकाला सांगितली: घरात राबणारा माणूस झोपणार असेल, तर त्याची खोली नकाशावर आधी येईल, मापासह, खिडकीसह. नसेल तर त्या कागदाला मी पेन्सिल लावणार नाही. या अटीपायी तीन नोकऱ्या गेल्या. अट गेली नाही. आज डोळे अधू आहेत, तरी माणसे नकाशे घेऊन येतात. मी प्रथम घराची मागची बाजू पाहतो. ती कोरी असेल, तर कागद परत करतो.